कंट्रोलरचा कंपायलर रिस्क-फाइव्हवर नेताना : कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर परिसरातील फाउंड्रींमध्ये सँड प्लँटचे पॅनेल हे रोजच्या कामाचे यंत्र आहे. साच्यातून मोकळी होऊन परत आलेली वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे प्रमाण दर बॅचला जुळवायचे, हॉपरखालच्या लोडसेलवरून वजन वाचायचे, फ्लो मीटरच्या पल्स मोजून पाण्याचा व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी बंद करायचा, ही कामे त्या पॅनेलमधला कंट्रोलर दिवसरात्र करत असतो. वाळूत पाणी कमी पडले तर साचा ढासळतो. जास्त झाले तर ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. कंट्रोलरने एखादा भागाकार चुकीचा केला, तर त्याचा परिणाम अखेर रिजेक्शनच्या ढिगात दिसतो. प्रस्तुत प्रकरण या कंट्रोलरचे प्रोग्रॅम मशीन कोडमध्ये उतरवणाऱ्या कंपायलरचे आहे. हा कंपायलर एका प्रोसेसरवरून दुसऱ्या, मुळातच वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर न्यावा लागला. त्यात कोणते प्रश्न उभे राहिले आणि ते कसे सोडवले, याची ही नोंद आहे.

पार्श्वभूमी

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमची छोटी कंपनी गेली अनेक वर्षे हे बोर्ड बनवते. बोर्ड तिचा स्वतःचा आहे आणि ज्या भाषेत प्लँटचे प्रोग्रॅम लिहिले जातात तीही तिचीच आहे. औद्योगिक कंट्रोलरच्या भाषांसाठी १९९३ मध्ये आयईसी ११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. कंपनीच्या भाषेचा तोंडवळा त्यातल्या लॅडर (रिले सर्किटसारखी आकृती) आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (लिखित प्रोग्रॅम) यांच्याशी मिळताजुळता आहे, परंतु ती मानकाला तंतोतंत धरून नाही. कंपायलर सी भाषेत लिहिलेला असून तो इंजिनिअरच्या लॅपटॉपवर चालतो, मध्ये असेंब्लर न ठेवता थेट मशीन कोड तयार करतो आणि तो केबलवरून बोर्डात उतरवतो. हा मशीन कोड आजवर एआरएम कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसर गाभ्यासाठीच होता.

२०२१ आणि २०२२ या काळात जगभर मायक्रोकंट्रोलरचा तुटवडा पडला. एरवी सहज मिळणाऱ्या चिपसाठी वितरक वर्षाच्या पुढची तारीख देऊ लागले, आणि खुल्या बाजारात जो माल मिळे त्याचा भाव व अस्सलपणा या दोहोंची खात्री नसे. एकाच गाभ्यावर अवलंबून राहण्याची जोखीम या काळात कंपनीला स्पष्ट दिसली. रिस्क-फाइव्हचा विचार तेथून सुरू झाला. ही इन्स्ट्रक्शन सेट रचना, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच व त्याचे नियम, २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आकाराला आली. तिचे तपशील खुले असल्यामुळे कोणीही परवाना शुल्काशिवाय त्याबरहुकूम प्रोसेसर बनवू शकतो. भारतात मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर याच रचनेवर उभे आहेत, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ हा कार्यक्रम जाहीर केला. कंपनीने निवडलेला मायक्रोकंट्रोलर आरव्ही३२आयएमएसी या प्रकारचा होता. यातील ‘आय’ म्हणजे पूर्णांकांचा मूळ संच, ‘एम’ म्हणजे गुणाकार व भागाकार, ‘ए’ म्हणजे अणुक्रिया, म्हणजेच मध्ये खंड न पडणाऱ्या मेमरीतल्या क्रिया, आणि ‘सी’ म्हणजे सोळा बिटांत बसवलेल्या आखूड इन्स्ट्रक्शन.

स्वतःचा बॅकएंड का

पहिली चर्चा मार्ग निवडण्याची झाली. कंपायलरने मशीन कोडऐवजी सी भाषेतील मजकूर तयार करावा आणि पुढचे काम जीसीसी या खुल्या कंपायलरवर सोपवावे, असा एक प्रस्ताव होता. जीसीसीमध्ये रिस्क-फाइव्हचा आधार २०१७ पासून, सातव्या आवृत्तीपासून, आहे. एलएलव्हीएम या दुसऱ्या खुल्या कंपायलरमध्ये तो २०१९ च्या नवव्या आवृत्तीत प्रायोगिक अवस्थेतून बाहेर पडला. दोन्ही कंपायलर उत्तम प्रतीचे आहेत. त्यांनी काढलेला कोड आमच्या बॅकएंडच्या (कंपायलरमधील मशीन कोड तयार करणाऱ्या भागाच्या) कोडपेक्षा सरस असणार याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

तरीही तो मार्ग सोडला, आणि माझ्या मते तो निर्णय योग्य होता. प्लँट चालू असतानाच प्रोग्रॅममधली एखादी ओळ बदलण्याची सोय हा या कंट्रोलरचा सर्वांत उपयोगी गुण आहे. भट्टीत धातू तयार असताना वाळूची लाइन बंद ठेवणे फाउंड्रीला परवडत नाही. ही सोय देण्यासाठी कोणत्या ओळीचा मशीन कोड कोठे बसला आहे आणि त्याची जागा कोणत्या क्षणी बदलता येईल, हे कंपायलरच्या हातात असावे लागते. चांगला ऑप्टिमायझर मात्र ओळींच्या सीमाच पुसून टाकतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. सी भाषेत शून्याने भागणे, बत्तीस बिटांच्या संख्येला बत्तीस किंवा अधिक जागा सरकवणे आणि चिन्हांकित (धन-ऋण) संख्यांच्या बेरजेचा ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर बिटांत न मावणे, यांचे परिणाम अपरिभाषित आहेत, आणि एलएलव्हीएमच्या अंतर्गत रूपातही शून्याने भागण्याची व जास्तीच्या सरकवण्याची गत फारशी वेगळी नाही. आमच्या ग्राहकांच्या प्रोग्रॅममध्ये या सर्व गोष्टी घडत होत्या. सी मार्गे गेलो असतो तरी या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आम्हालाच द्यावे लागले असते.

भाषेचा अर्थ कोठे लिहिला होता

स्वतःचा बॅकएंड लिहायचा ठरल्यावर साहजिक कल असा होता की जुन्या बॅकएंडची फाइल उघडावी, एआरएमच्या प्रत्येक इन्स्ट्रक्शनसमोर रिस्क-फाइव्हची समतुल्य इन्स्ट्रक्शन लिहावी आणि पुढे सरकावे. मूळ कंपायलर लिहिणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याला हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की या भाषेत शून्याने भागल्यास काय उत्तर येते, हे ना माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे ना कंपायलरमध्ये. कॉर्टेक्स-एम३ जे उत्तर देईल तेच आजवर भाषेचे उत्तर होते. म्हणजे भाषेच्या व्याख्येचा काही भाग प्रोसेसरमध्ये राहत होता आणि प्रोसेसर बदलताच तो भाग नाहीसा होणार होता. संपूर्ण कामाला दिशा मिळाली ती या एका निरीक्षणामुळे.

त्यानुसार पहिले पाऊल म्हणून भाषेतल्या प्रत्येक क्रियेचा अर्थ, टोकाच्या मूल्यांसह, लिहून काढण्यात आला. दुसरे पाऊल म्हणून त्या लेखी अर्थाबरहुकूम चालणारा एक साधा इंटरप्रिटर, म्हणजे मशीन कोड न बनवता प्रोग्रॅम थेट चालवणारे साधन, लॅपटॉपवर तयार केला. तो संथ आहे आणि त्यात कोणतीही युक्ती नाही. वाचणाऱ्याला प्रत्येक क्रिया एका नजरेत पटावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. त्यानंतर यादृच्छिक प्रोग्रॅम तयार करणारे एक साधन लिहिले. प्रत्येक प्रोग्रॅम इंटरप्रिटरवर, जुन्या बोर्डावर आणि नव्या बोर्डावर सारख्याच इनपुटसह चालवायचा आणि प्रत्येक स्कॅनच्या (प्रोग्रॅम एकदा पूर्ण चालवण्याच्या फेरीच्या) शेवटी मेमरीची प्रतिमा ताडून पाहायची, अशी व्यवस्था केली. नवा बोर्ड वेगळे उत्तर देऊ लागला तर बॅकएंड दुरुस्त करायचा. जुना बोर्ड आणि इंटरप्रिटर यांच्यात मतभेद झाला तर मात्र थांबून, ग्राहकांचे प्रोग्रॅम काय गृहीत धरून लिहिले आहेत हे तपासून, भाषेचा निर्णय घ्यायचा. असे निर्णय अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले.

फ्लॅग नसलेला प्रोसेसर

रचनेतला सर्वांत मोठा फरक फ्लॅगचा आहे. एआरएममध्ये तुलना किंवा बेरीज केली की तिचा निष्कर्ष शून्य, ऋण, कॅरी आणि ओव्हरफ्लो या चार फ्लॅगमध्ये (प्रोसेसरमधील खुणेच्या बिटांत) राहतो आणि पुढची ब्रँच, म्हणजे उडी घेणारी, इन्स्ट्रक्शन ते फ्लॅग वाचते. रिस्क-फाइव्हमध्ये असे फ्लॅगच नाहीत. तेथे ब्रँच इन्स्ट्रक्शन स्वतःच दोन रजिस्टरची (प्रोसेसरमधल्या संख्या ठेवण्याच्या जागांची) तुलना करून उडी घ्यायची की नाही ते ठरवते.

वरवर पाहता हा बॅकएंडपुरता प्रश्न वाटतो, पण आमच्या कंपायलरच्या मधल्या रूपातच (मूळ प्रोग्रॅम व मशीन कोड यांच्या दरम्यानच्या मांडणीतच) ‘तुलना’ आणि ‘ब्रँच’ या दोन वेगळ्या क्रिया होत्या व त्यांच्यातला दुवा न लिहिलेला, म्हणजे ‘फ्लॅग तसेच राहतील’ असा, होता. प्रोसेसरनिरपेक्ष म्हणवणाऱ्या भागात एआरएम शिरलेले होते. मधले रूप बदलून तुलना व ब्रँच यांची एकच क्रिया करावी लागली, आणि त्यामुळे एआरएमचा बॅकएंडही पुन्हा तपासावा लागला. या टप्प्यावर काही काळ नव्या बोर्डासाठी एकही ओळ पुढे सरकली नाही. व्यवस्थापनाला हा विलंब पटवून देणे सोपे नव्हते, पण फ्लॅगची नक्कल करणारा थर मध्ये घातला असता तर प्रत्येक तुलनेला त्याचा भुर्दंड कायमचा बसला असता.

ओव्हरफ्लो फ्लॅग वापरणारी आणखी एक क्रिया होती. भाषेत काउंटरसाठी मर्यादित बेरीज आहे. कमाल मूल्य ओलांडण्याऐवजी ती तेथेच थांबते. फ्लॅगशिवाय ओव्हरफ्लो ओळखण्याची रीत अशी : बेरीज केल्यावर उत्तर पहिल्या संख्येपेक्षा लहान आहे का ते पाहायचे, दुसरी संख्या ऋण आहे का ते पाहायचे, आणि ही दोन उत्तरे जुळली नाहीत तर ओव्हरफ्लो झाला असे मानायचे. दुसरी संख्या ठाऊक असलेला स्थिरांक असेल तर यातील एक तपासणी गळून पडते, आणि काउंटरच्या बाबतीत ती संख्या बहुधा १ असते, त्यामुळे खर्च सुसह्य राहिला.

स्थिरांक आणि लांब उड्या

रिस्क-फाइव्हच्या बहुतेक इन्स्ट्रक्शनमध्ये स्थिरांकासाठी बारा बिट मिळतात आणि ते चिन्हांकित असतात, म्हणजे उणे २०४८ ते २०४७ एवढीच मूल्ये थेट लिहिता येतात. त्यापेक्षा मोठी संख्या दोन इन्स्ट्रक्शनमध्ये घडवायची : पहिली वरचे वीस बिट भरते, दुसरी खालचे बारा बिट मिळवते. खालचा भाग चिन्हांकित असल्यामुळे तो २०४७ च्या पुढे गेला की वरच्या भागात एक जास्त धरावा लागतो. ७००० ही संख्या ४०९६ अधिक २९०४ अशी मांडता येत नाही, ती ८१९२ उणे ११९२ अशी मांडावी लागते. नियम माहीत असणाऱ्याला यात अवघड काही नाही, परंतु हा नियम स्थिरांक, मेमरीचे पत्ते आणि स्टॅकवरील जागा अशा तिन्ही ठिकाणी लागू होतो, म्हणून तो एकाच फंक्शनमध्ये ठेवला आणि इतरत्र कोणीही स्वतः विभागणी करायची नाही असे ठरवले.

उड्यांचा प्रश्न याहून त्रासदायक होता. कॉर्टेक्स-एम३ मधली सशर्त ब्रँच तिच्या रुंद रूपात दोन्ही दिशांना सुमारे एक मेगाबाइटपर्यंत पोहोचते, त्यामुळे जुन्या कंपायलरला अंतर मोजण्याची वेळच आली नव्हती. रिस्क-फाइव्हची सशर्त ब्रँच मात्र चार किलोबाइटपर्यंतच जाते, आणि तिचे आखूड रूप तर अवघ्या २५६ बाइटपर्यंत. लॅडर प्रोग्रॅममध्ये एक मुख्य अट खोटी असल्यास संपूर्ण विभाग ओलांडून पुढे जाण्याची पद्धत सर्रास आहे, आणि असा विभाग चार किलोबाइटपेक्षा सहज मोठा होतो. तेथे अट उलटी करून एक छोटी उडी आणि तिच्यामागे एक मेगाबाइट पल्ल्याची बिनशर्त उडी अशी जोडी वापरावी लागते. एक उडी लांबली की तिच्यावरून जाणाऱ्या इतर उड्यांचे अंतरही वाढते, म्हणून सर्व उड्या आधी आखूड धरून, बदल थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजणी करायची. एकदा लांब झालेली उडी परत आखूड करायची नाही, एवढे पथ्य पाळले की ही प्रक्रिया निश्चितपणे संपते.

शून्याने भागाकार

आता त्या भागाकाराकडे वळू. कॉर्टेक्स-एम३ मध्ये शून्याने भागल्यास, तशी तक्रार नोंदवण्याची सोय मुद्दाम चालू केलेली नसेल तर, उत्तर शून्य येते. रिस्क-फाइव्हमध्ये शून्याने भागणे हा अपवाद मानलेला नाही. तेथे भागाकाराचे सर्व बिट एक होतात. म्हणजे चिन्हांकित भागाकारात उत्तर उणे एक येते आणि बिनचिन्हाच्या भागाकारात ४२९४९६७२९५. बाकी मात्र दोन्हीकडे सारखीच निघते : रिस्क-फाइव्ह बाकी म्हणून मूळ भाज्यच परत देतो, आणि एआरएममध्ये बाकी ही भाज्यातून गुणाकार वजा करून काढली जात असल्यामुळे तेथेही भाज्यच उरतो.

सँड प्लँटच्या प्रोग्रॅममध्ये पाळी सुरू झाल्यापासूनच्या बॅचची सरासरी काढून पाण्याची पुढची मात्रा सुधारणारी एक ओळ आहे. पाळीच्या आरंभी बॅचची संख्या शून्य असते. जुन्या बोर्डावर सरासरी शून्य येई, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘सरासरी शून्य म्हणजे अजून सुधारणा करू नये’ असे धरून पुढची अट लिहिली होती. नव्या बोर्डावर हीच ओळ पाण्याची मात्रा कमाल मर्यादेपर्यंत नेत असे. टेबलावर व्हॉल्व्हच्या जागी दिवे लावून चाचणी घेताना पाण्याचा दिवा विझेना, तेव्हा हे ध्यानात आले. प्लँटवर हेच घडले असते तर दर पाळीची पहिली बॅच चिखल झाली असती.

शून्याने भागल्यास उत्तर शून्य आणि सोबत एक दोष-बिट चालू, असा भाषेचा निर्णय झाला. रिस्क-फाइव्हवर यासाठी प्रत्येक भागाकारामागे एक तपासणी जास्त लागते. भाजक हा शून्येतर स्थिरांक असेल तेव्हा कंपायलर ती गाळतो.

सरकवण्याच्या क्रियेत असाच, पण अधिक फसवा, फरक निघाला. मोल्डिंग लाइनवर कोणता साचा कोठे आहे याचा माग ठेवण्यासाठी बिट सरकवले जातात. रजिस्टरमधून आलेल्या अंतराने सरकवताना एआरएम त्या रजिस्टरचा सर्वांत खालचा बाइट पाहतो, म्हणून बत्तीस जागा सरकवल्यास शून्य उरतो. रिस्क-फाइव्ह मात्र खालचे पाचच बिट पाहतो, म्हणून बत्तीस जागा सरकवणे म्हणजे मुळीच न सरकवणे होते. यात जुना बोर्डही निर्दोष नव्हता. तेथे २५६ जागा सरकवल्या तर खालचा बाइट शून्य असल्यामुळे संख्या जशीच्या तशी राहत असे. बत्तीस किंवा अधिक जागा सरकवल्यास शून्य, असा सरळ नियम लेखी अर्थात घातला आणि दोन्ही बॅकएंड त्याला जुळवून घेतले. रिस्क-फाइव्हवर हे एकही ब्रँच न वापरता, तुलनेच्या निकालातून मुखवटा तयार करून, साधता येते.

एका बिटाची गोष्ट

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो बिटांचा. कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये रिले, व्हॉल्व्ह, लिमिट स्विच या सर्वांची स्थिती एकेका बिटात असते आणि असे बत्तीस बिट एका शब्दात (मेमरीतून एकत्र वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या गटात) राहतात. कॉर्टेक्स-एम३ मध्ये यासाठी बिट-बँडिंग नावाची सोय आहे : ठरावीक एक मेगाबाइट मेमरीतल्या प्रत्येक बिटाला बत्तीस मेगाबाइटच्या वेगळ्या पट्ट्यात स्वतःचा पत्ता मिळतो, आणि त्या पत्त्यावर लिहिले की हार्डवेअर फक्त तोच बिट, मध्ये कोणाला शिरू न देता, बदलते. जुना कंपायलर सर्व बिट याच मार्गाने लिहीत असे.

रिस्क-फाइव्हमध्ये असा पट्टा नाही. सरळ भाषांतर केले तर शब्द वाचायचा, बिट चालू करायचा आणि शब्द परत लिहायचा, अशा तीन क्रिया होतात. वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये फ्लो मीटरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारा संकेत, आला आणि त्याने त्याच शब्दातला ‘पाणी पुरे झाले’ हा बिट चालू केला, तर मुख्य स्कॅन जुना शब्द परत लिहिताना तो बिट पुसून टाकतो. व्हॉल्व्ह उघडाच राहतो. अशी चूक क्वचित घडते, पुन्हा घडवून दाखवता येत नाही आणि तिचा दोष फ्लो मीटरवर किंवा वायरिंगवर जातो. म्हणून ती घडल्यावर शोधण्याऐवजी घडूच न देणे हाच उपाय असतो.

‘ए’ विस्तारातील दोन इन्स्ट्रक्शन येथे नेमक्या कामी आल्या. त्यांतली एक मेमरीतल्या शब्दावर ‘किंवा’ ही क्रिया करते, दुसरी ‘आणि’ ही क्रिया करते, आणि दोन्हींत वाचणे, बदलणे व लिहिणे अखंड होते. बिट चालू करण्यासाठी पहिली, बंद करण्यासाठी दुसरी. जुने मूल्य नको असल्यास ते कायम शून्य असलेल्या एक्स० या रजिस्टरकडे पाठवायचे. या क्रिया पेरिफेरलच्या पत्त्यांवर चालतील अशी हमी रचनेत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आउटपुट पिनांसाठी चिपमधील बिट चालू व बंद करण्याची स्वतंत्र रजिस्टरे वापरली.

पुढे सी-डॅकच्या वेगा कुळातील तेजस३२ या चिपचा विचार झाला तेव्हा याच जागी अडखळायला झाले, कारण ती आरव्ही३२आयएम प्रकारची आहे आणि तिच्यात ‘ए’ व ‘सी’ हे दोन्ही विस्तार नाहीत. अशा चिपसाठी कंपायलर बिट बदलण्यापुरते इंटरप्ट थांबवतो आणि लगेच पूर्वस्थितीत आणतो. रिस्क-फाइव्ह हे एका प्रोसेसरचे नाव नसून एका कुळाचे आहे, आणि कोणता विस्तार आहे हे बॅकएंडला पदोपदी विचारावे लागते.

इंटरप्ट, पत्ते आणि सिम्युलेटर

इंटरप्ट आल्यावर कॉर्टेक्स-एम३ चे हार्डवेअर आठ रजिस्टरे आपणहून स्टॅकवर ठेवते, म्हणून तेथे इंटरप्ट ब्लॉक आणि साधे फंक्शन यांत कंपायलरला फरक करावा लागत नसे. रिस्क-फाइव्हचे हार्डवेअर परतीचा पत्ता, कारण आणि इंटरप्टची पूर्वस्थिती तेवढी नोंदवते. उरलेली जबाबदारी सॉफ्टवेअरची असते. इंटरप्ट ब्लॉकने दुसरे फंक्शन बोलावले तर संकेतानुसार सोळा रजिस्टरे जपावी लागतात. बहुतेक ब्लॉक एक पल्स मोजून एक तुलना करतात, तेव्हा कंपायलर फक्त वापरलेलीच रजिस्टरे जपतो.

विषम पत्त्यांचा प्रश्न मॉडबस या उपकरणांमधील संदेशवहनाच्या पद्धतीमुळे आला. मॉडबस आरटीयूच्या उत्तरात पत्ता, फंक्शन क्रमांक आणि बाइटसंख्या असे तीन बाइट आधी येतात आणि मग सोळा बिटांची मूल्ये सुरू होतात. बफर सम पत्त्यावर असेल तर प्रत्येक मूल्य विषम पत्त्यावर पडते. कॉर्टेक्स-एम३ असे वाचन निमूटपणे करतो. आमच्या नव्या चिपने मात्र ‘वाचनाचा पत्ता अयोग्य’ असा अपवाद उभा केला आणि कारणाच्या रजिस्टरमध्ये ४ हा आकडा ठेवून काम थांबवले. क्यूएमू या सिम्युलेटरवर तोच प्रोग्रॅम बिनतक्रार चालला होता, कारण क्यूएमू असे वाचन स्वतःच निभावून नेतो. तेव्हापासून सिम्युलेटरवरचे यश हे बोर्डावरच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही, असे कामाच्या पद्धतीतच लिहून ठेवले. उपाय सोपा निघाला. मॉडबसमध्ये मोठा बाइट आधी येतो, त्यामुळे दोन्ही बाइट वेगवेगळे वाचून जोडले की पत्त्याचा आणि बाइटक्रमाचा असे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

चालू प्लँटवर ओळ बदलण्याच्या सोयीसाठी एक इन्स्ट्रक्शन अत्यावश्यक ठरली. नवा मशीन कोड मेमरीत लिहिल्यावर प्रोसेसरने आधीच आत ओढून ठेवलेला जुना कोड वापरू नये, यासाठी रिस्क-फाइव्हमध्ये वेगळी कुंपण-इन्स्ट्रक्शन आहे. २०१९ च्या मंजूर तपशिलात ती मूळ संचातून काढून स्वतंत्र विस्तारात ठेवली गेली. रजिस्टर वाटपातही एक बदल लाभदायक ठरला : आखूड इन्स्ट्रक्शनपैकी पुष्कळशा एक्स८ ते एक्स१५ याच आठ रजिस्टरांवर चालतात, म्हणून वारंवार लागणारी मूल्ये तेथे ठेवली की कोड लक्षणीय आटोपशीर होतो.

प्लँटवर

पहिला नवा बोर्ड एका परिचित फाउंड्रीत, जुने पॅनेल बाजूला तयार ठेवून, बसवला. बॅच, वजने, पाणी सर्व ठीक चालले. पावसाळ्यात वीज जाण्यायेण्याचा प्रकार सुरू झाल्यावर सँड प्लँट सांभाळणाऱ्या मामांनी एक बाब सांगितली : ‘‘सायेब, लाइट जाऊन परत आली की पान्याचा व्हॉल्व्ह एकदा टक्क करतोय. जुन्या पॅनेलला असं करत न्हवता.’’ पाणी पडण्याइतका तो उघडत नव्हता. पण त्यांच्या कानाला फरक कळला होता.

ग्राहकाच्या प्रोग्रॅममधील एका तात्पुरत्या चलाला एका शाखेत मूल्य दिलेलेच नव्हते. वीज आल्यानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये नेमकी तीच शाखा घेतली जाई. जुन्या बोर्डावर त्या चलाला मिळणाऱ्या रजिस्टरमध्ये त्या क्षणी शून्य असे, नव्या बोर्डावर सुरुवातीच्या कोडने सोडलेले काहीतरी असे, आणि तेवढ्याने व्हॉल्व्हचा बिट एका स्कॅनपुरता चालू होई. आमचा यादृच्छिक प्रोग्रॅम बनवणारा प्रत्येक चलाला आधी मूल्य देत असल्यामुळे टेबलावर हे कधीच दिसले नसते. त्या साधनात आता मूल्य न दिलेले चलही येतात. कंपायलर सर्व शाखा तपासून असे चल शोधतो, इंजिनिअरला सूचना देतो आणि त्यात शून्य भरतो. ही तपासणी प्रोसेसरनिरपेक्ष भागात असल्यामुळे दोन्ही बॅकएंडना मिळाली. मामांच्या प्लँटवर दुरुस्त प्रोग्रॅम उतरवल्यानंतर मेन स्विच पुन्हा पुन्हा बंद-चालू करून त्यांनी स्वतः व्हॉल्व्हजवळ उभे राहून खात्री केली.

जुन्या बोर्डांवर चालणाऱ्या प्लँटचे काय करावे, हा प्रश्न राहिला होता. नव्या कंपायलरचा एआरएम बॅकएंड लेखी अर्थाशी जुळतो, परंतु वर्षानुवर्षे नीट चालणारा प्रोग्रॅम केवळ कंपायलर सुधारला म्हणून नव्याने उतरवणे ग्राहकाच्या हिताचे नाही, असे आमचे मत पडले. जुन्या कंपायलरची शेवटची आवृत्ती जशीच्या तशी गोठवून ठेवली आहे, आणि त्या प्लँटवरील छोटे बदल तिच्यातूनच होतात. बोर्ड बदलायची वेळ येईल तेव्हा प्रोग्रॅम आधी इंटरप्रिटरवर चालवून, भाषेचे कोणते निर्णय त्याला लागू पडतात त्यांची यादी ग्राहकाच्या हातात देऊन, मगच नवा बोर्ड बसवला जातो.